भोक सरकलं तर काय करायचं?

घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हा प्रसंग कोणावरही येतो. मार्किंग झालं, सेंटर पंच मारला, ड्रिल चालवलं आणि भोक १ मिमी बाजूला पडलं. साधी लोखंडी पट्टी असेल तर दुसरी कापता येते. पण जुन्या यंत्राचा बिडाचा भाग असेल, तर तो पुन्हा कुठून आणणार?

आधी कारण बघू. ड्रिलच्या टोकाला मधोमध एक छोटी आडवी धार असते. ती नीट कापत नाही, धातू दाबत पुढे जाते. पंचाची खूण उथळ असेल किंवा ड्रिलच्या दोन धारा कमी-जास्त असतील, तर टोक घसरतं. पुढे मोठं ड्रिल लावलं, की ते आधीच्या भोकाच्याच मागे जातं. त्यामुळे "मोठं ड्रिल मारू, आपोआप मध्यावर येईल" असं होत नाही.

दुरुस्ती कोणत्या टप्प्यावर करतो, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिला टप्पा. ड्रिलचं फक्त टोक आत गेलंय, खळगा झालाय, पूर्ण व्यास अजून उतरलेला नाही. इथे गोल टोकाच्या छिन्नीने खळग्याच्या उतारावर एक खाच पाडायची. ज्या बाजूला भोक न्यायचंय, त्याच बाजूला. ड्रिल तिकडे ओढलं जातं. थोडं चालवायचं, थांबून बघायचं.

दुसरा टप्पा. ३ मिमीचं पायलट भोक आरपार गेलंय आणि १ मिमी सरकलंय. आता एक हिशोब लक्षात ठेवा: जुना व्यास अधिक सरकलेल्या अंतराची दुप्पट. ३ अधिक २, म्हणजे ५ मिमी. खऱ्या मध्याभोवती ५ मिमीचं वर्तुळ आखून गोल कानशीने भोक तेवढं गोल केलं, की जुनी चूक त्यात संपली. एम६ बोल्ट मोकळा जाण्यासाठी साधारण ६.६ मिमीचं भोक लागतं. म्हणजे शेवटच्या ड्रिलला कापायला धातू शिल्लक आहे.

तिसरा टप्पा. ६.६ मिमीचं भोकच सरकलंय. त्याच हिशोबाने ८.६ मिमी लागतील. मोठा बोल्ट चालत असेल, तर लेथवर फोर-जॉ चकमध्ये खरा मध्य धरून बोरिंग करा. बोरिंगचं हत्यार दणकट असेल तर ते जुन्या भोकामागे जात नाही, स्वतःचं वर्तुळ कापतं.

मोठं भोक चालत नसेल, तर बूच बसवायचं. जुनं भोक १०.२ मिमीचं करून एम१२ चे आटे पाडा, त्याच धातूचा स्क्रू आटे पक्के करणारा गोंद लावून बसवा, कापून सपाट करा. एम१० का नाही? कारण नवं भोक बुचाच्या कडेला कापेल. अर्धं बूच, अर्धा मूळ धातू असं आलं, की ड्रिल पुन्हा सरकतं. मात्र ज्या भागावर कोणाचा जीव अवलंबून आहे, तिथे बूच नको. तो भाग बदलाच.

आणि जॉब हातात धरू नका, व्हाइसमध्ये आवळा. वाकड्या भोकात ड्रिल अडकलं की जॉब गरगर फिरतो.

थोडक्यात, पंच मारल्यावर कंपासने शेवटच्या मापाचं वर्तुळ आखायची सवय ठेवा. ड्रिलचं टोक उतरलं, की थांबून त्या वर्तुळाकडे बघा. त्या क्षणी एक खाच पुरते. पुढे गेलात, तर बूच बसवावं लागतं.