मागच्या वेळी जास्त मजा आली होती!

तर झालं असं, की आमच्या थर्ड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट ठरत होती. कारखाना कुठला ते सरांनीच ठरवलं होतं, त्यामुळे तिथे वादाला जागा नव्हती. वाद होता परतीच्या दिवसाचा. वाटेत एक थीम पार्क लागतं. (नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं वाकडं लिहिणार आहे.) रात्री मेसमध्ये ताटावर बसूनच मतदान झालं. ज्यांनी ते पार्क पाहिलं नव्हतं ते सगळे एकजात "हो". आणि जे आधी जाऊन आले होते त्यांच्यातले बरेचजण म्हणाले, "नको रे, दुसऱ्यांदा काही मजा नाही त्यात."

या 'नको'वाल्यांचा पुढारी मीच होतो, कारण माझ्याकडे पुरावा होता! आठवीत शाळेच्या सहलीबरोबर मी त्या पार्कात गेलो होतो. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मग बारावीची परीक्षा संपल्यावर हट्ट करून आई-बाबांना आणि धाकट्या बहिणीला घेऊन गेलो. मे महिन्यातला रविवार. चार तिकिटं, जेवण, लॉकर, गाडीभाडं मिळून जो आकडा झाला त्यापायी बाबांनी स्कूटरचं इंजिनकाम पुढे ढकललं. आणि त्या दिवशी सगळंच फिकं वाटलं. लाईन संपेना, एक राईड बंद, जेवण थंड. परत येताना गाडीत कोणीच फारसं बोललं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "ठीक होतं."

ही कहाणी मी मेसमध्ये रंगवून सांगितली. त्यावर माझा ईएनटीसीवाला रूममेट शांतपणे म्हणाला, "तुझी रीडिंग किती? दोन. दोन रीडिंगवर ग्राफ काढलास तर सर जर्नल तोंडावर फेकतील."

झोंबलं! म्हणून मग सबमिशनच्या काळात, म्हणजे जेव्हा दुसरं काही तरी करावंसं वाटतंच, मी या प्रश्नाच्या मागे लागलो. थीम पार्कची मजा दुसऱ्या खेपेला खरंच कमी होते का? आणि होत असेल तर नक्की काय कमी होतं, पार्क, आपण, की आणखी काही?

पहिली गोष्ट, रोलर कोस्टर कमी होत नाही. चेन गाडीला वर ओढते, तिथे मिळालेली एम-जी-एच एवढीच पुंजी, तीच पुढे खर्च होते. उंची तीच, रूळ तोच, म्हणजे वेगही जवळपास तोच. उलट दुपारी चाकं आणि ग्रीस तापल्यावर घर्षण कमी होतं आणि गाडी सकाळपेक्षा थोडी जोरातच धावते. म्हणजे मशीनची बाजू स्वच्छ आहे.

आपली बाजू तेवढी स्वच्छ नाही. पहिल्या वेळी त्या वळणापलीकडे काय आहे ते माहीत नसतं. पोटात गोळा येतो तो निम्मा उंचीचा आणि निम्मा या अज्ञानाचा. दुसऱ्या वेळी नकाशा डोक्यात असतो. शिवाय सवय नावाचा प्रकार आहेच. 1978 साली ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांना त्यांच्या रोजच्या साध्या गोष्टींतल्या आनंदाबद्दल विचारलं. टीव्ही पाहणं, मित्राशी गप्पा मारणं, असल्या गोष्टींत त्यांना इतर लोकांपेक्षा कमी आनंद वाटत होता. एकदा मोठं माप हातात आलं की बाकी सगळं त्याच मापाने मोजलं जातं. माझं माप आठवीतल्या सहलीचं होतं.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, जिंकलो! पण मग रांगेचं गणित मांडून बसलो आणि घोळ झाला.

समजा एका राईडच्या गाडीत 24 जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला 720 माणसं. रांगेत 240 जण असतील तर तुमचा नंबर 20 मिनिटांनी. 1080 जण असतील तर दीड तासाने. रांगेतली माणसं भागिले सुटण्याचा वेग म्हणजे थांबण्याचा वेळ. एवढाच हा नियम, 1961 मध्ये जॉन लिटल यांनी तो सिद्ध केला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. आता शाळेची सहल कधी जाते? मधल्या वारी. आणि घरचे कधी जातात? बाबांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे अख्ख्या जगाच्या बाबांना सुट्टी असते तेव्हा! माझ्या दोन्ही भेटींत राईड दीड-दोन मिनिटांचीच होती. फरक होता तो तिच्या आधीच्या दीड तासाचा. तो मी दुसऱ्या भेटीच्या खात्यावर टाकला, खरं तर तो रविवारच्या खात्यावर जायला हवा होता.

शेवट कसा झाला तेही यात येतं. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा 14 अंशाच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. पुन्हा करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला. का, तर त्याचा शेवट जरा बरा होता. आमची सहल संपली ती बसमधल्या अंताक्षरीने. घरची ट्रिप संपली ती पार्किंगमधून बाहेर पडायला लागलेल्या पाऊण तासात. असो.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती एम-थ्रीच्या पुस्तकात असूनही मला तिथे कधी दिसली नव्हती.

असं समजा, वर्गात 36 जण आहेत. प्रत्येकाने एकदा फासा टाकायचा. ज्याला 6 पडले त्याची 'मजा आली', आणि तोच फक्त पुन्हा टाकणार. बाकीचे म्हणणार, एकदा पुरे. अंदाजे सहा जणांना 6 पडतील. हे सहा जण मोठ्या उत्साहाने पुन्हा फासा टाकतील. त्यांची सरासरी काय येईल? 3.5! सहावरून थेट साडेतीनवर. त्यांच्यातले बहुतेक जण बाहेर येऊन सांगतील, "दुसऱ्यांदा ती मजा राहिली नाही राव." फासा मात्र तोच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही.

पार्काची भेट म्हणजे निव्वळ नशीब नव्हे हे मान्य. काही भाग पार्काचा, तो कायम. काही भाग नशिबाचा: त्या दिवशीचं हवामान, गर्दी, सोबत कोण, पोट ठीक आहे की नाही. पण ज्याचा पहिला दिवस अफाट गेला त्याचं नशीबही त्या दिवशी बहुधा चांगलं होतं. पुन्हा जायला तोच तयार होतो. आणि दुसऱ्या वेळी नशीब पुन्हा तसंच असेल याची हमी कोणी दिलेली नसते, म्हणून सरासरी खाली सरकते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये माणसांच्या उंचीबाबत हेच दाखवलं होतं. फार उंच आई-बापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आई-बापांइतकी नसतात. याला रिग्रेशन म्हणतात. व्हायवाला मी हाच शब्द सांगून, त्याचा अर्थ न सांगता सुटलो होतो!

हे बरोबर असेल तर उलटंही घडायला हवं. पहिला दिवस वाईट गेलेल्यांना दुसरा दिवस आधीपेक्षा बरा वाटायला हवा. पण असे लोक भेटत नाहीत, कारण ते पुन्हा जातच नाहीत. शोधला तेव्हा एक मिळाला, तोसुद्धा आमच्याच रूमवर! हा रूममेट पाचवीत असताना अंगात ताप घेऊन पार्कात गेला होता आणि दिवसभर आईच्या मांडीवर झोपला होता. मागच्या वर्षी मावसभावाने जबरदस्तीने नेलं, तर म्हणे लय भारी. मेसमध्ये त्याने हे का नाही सांगितलं? "कोणी विचारलंच नाही."

याचा अर्थ सगळं मनाचे खेळ, पार्कवाले निर्दोष, असा मात्र घेऊ नका. काही वेळा पार्क खरोखरच बदलतं, आणि ते फक्त जुन्या माणसालाच कळतं. अमेरिकेत फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड घ्या, 1971 पासून चालू आहे आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या कुटुंबांवर पोसलेलं आहे. तिथे 1999 मध्ये फास्टपास आला. यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर दुसरीकडे फिरायचं आणि त्या वेळेला छोट्या रांगेतून आत. फुकट! 2021 च्या ऑक्टोबरपासून त्या जागी माणशी दिवसाला 15 डॉलर मोजून घ्यायची सोय आली. पुढे तिची नावंही बदलली आणि दरही. जो 2015 मध्ये जाऊन आला आणि 2022 मध्ये पुन्हा गेला, त्याने "पूर्वी बरं होतं" म्हटलं तर तो काही चुकीचं बोलत नाही. त्याच गोष्टीला आता जास्त पैसे पडतात.

आणि जो पैसे भरत नाही त्याचं काय? वरचंच गणित घ्या. तासाला 720 जागा, त्यातल्या 40 टक्के पैसेवाल्या रांगेला दिल्या. साध्या रांगेला उरल्या 432. तेच 1080 जण आता दीड नव्हे, अडीच तास उभे! राईडची क्षमता एका माणसानेही वाढली नाही, फक्त वाटणी बदलली.

दुसऱ्या खेपेचा प्रश्न पार्कवाल्यांनाही चांगलाच माहीत आहे. डिस्नेची 'स्टार टूर्स' ही सिम्युलेटर राईड 2011 मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा तिच्यात दृश्यांच्या 54 वेगवेगळ्या जुळण्या होत्या. कुठली लागेल ते बसणाऱ्याला माहीत नसतं. वळणापलीकडचं अज्ञान सॉफ्टवेअरने परत आणून दिलं म्हणायचं!

आपल्याला मात्र एवढ्या खर्चाची गरज नाही. साध्या कोस्टरमध्ये पुढच्या ऐवजी सगळ्यात मागे बसा. लांब गाडीचा मधला भाग शिखरावर असतो तेव्हा तिचा वेग सर्वांत कमी असतो. पुढचा डबा तोवर शिखर ओलांडून गेलेला असतो, तोही रांगत, म्हणून त्याला खालचं दृश्य मिळतं. शेवटचा डबा शिखरावर येतो तेव्हा गाडी अर्धी खाली गेलेली असते, वेग पकडलेला असतो आणि तो डबा वरून अक्षरशः खेचला जातो. माणूस सीटवरून उचलला जातो तो इथे. तिकीट तेच, राईड वेगळी.

आणि एक अभ्यास तर माझ्या सरळ विरोधात गेला. शिकागो विद्यापीठातल्या एड ओब्रायन यांनी 2019 मध्ये संग्रहालयातलं प्रदर्शन, सिनेमा, व्हिडिओ गेम असे अनुभव लोकांना पुन्हा घ्यायला लावले. आधी विचारलं, दुसऱ्यांदा किती आवडेल? लोकांनी सांगितलं त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलं. पहिल्या वेळी आपण सगळं पाहिलं असं वाटतं, पण खूप काही सुटलेलं असतं. म्हणजे मजा थोडी कमी होतही असेल, पण आपण धरून चालतो तेवढी नाही.

एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं, की अंदाज लढवत बसायची गरजच नव्हती. प्रयोग झालेला होता, मी फक्त अर्धीच रीडिंग घेतली होती. त्या मे महिन्यातल्या रविवारी आम्ही चौघं होतो. तीच रांग, तेच ऊन, तीच बंद राईड, तेच थंड जेवण. दुसऱ्यांदा आलेला मी एकटाच होतो, बाकी तिघांची पहिलीच वेळ.

घरी फोन केला. आई म्हणाली, पाय दुखले होते, पण संध्याकाळचे दिवे छान होते. बाबा म्हणाले, "ठीक होतं म्हणालो ना तेव्हाच." मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाले, "म्हणजे ठीक होतं. तू तोंड पाडून बसला होतास, मला वाटलं तुला आवडलं नाही, मग मी काय बोलणार?"

मग फोन बहिणीने घेतला. तेव्हा ती सहावीत होती. तिला सगळं आठवतं, कुठल्या राईडला कोण ओरडलं, आईची चप्पल कुठे निसटली, सगळं. मी विचारलं, दीड तास लाईनीत कंटाळा नाही आला? म्हणाली, "लाईनीचा नाही आला. तुझा आला. दिवसभर आपलं मागच्या वेळी असं होतं, मागच्या वेळी तसं होतं. मी पाळण्यात बसून खाली बघत होते तर म्हणतोस, मागच्या वेळी इथून तळं दिसत होतं. मग मी उतरल्यावर आईबरोबर फिरले."

यावर मला काही बोलता आलं नाही. 'सॉरी' म्हटलं, तर म्हणाली, "सॉरी नको, परत ने."

व्हिजिटचं मतदान काल पुन्हा घेतलं, मी मत बदललं आणि पार्क पास झालं. आमच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त जण पहिल्यांदाच येणार आहेत. शेवटच्या डब्यातली एक सीट मी आत्ताच सांगून ठेवली आहे, आणि शेजारी रूममेट बसणार आहे. मी 'मागच्या वेळी' असं म्हटलं की दर वेळी दहा रुपये, असं त्याने सगळ्यांसमोर ठरवून टाकलंय.