खाडीच्या पाण्याचाही सामू तपासा

माती परीक्षणाचा कागद हातात आला की आपण आधी सामू बघतो. कोकणातली जांभ्याची जमीन मुळातच आम्लधर्मी. सामू फार खाली गेला तर खत टाकूनही ते पिकाला नीट लागू पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या खाचरातले पाणी शेवटी ज्या खाडीला मिळते, तिचा सामू कोणी बघतो का?

घरी एक प्रयोग करा. तिसरीचा रिकामा शिंपला घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. लगेच बुडबुडे येतील. शिंपला म्हणजे चुनाच. आपल्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करीत. आंबट लागले की चुना विरघळतो, एवढी साधी गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र काही लिंबासारखा आंबट नाही. बरोबर आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू आजही ७ च्या वर, म्हणजे अल्कधर्मीच आहे. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो कर्बवायू हवेत जातो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. पाण्यात मिसळून त्याचे सौम्य आम्ल होते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सरासरी ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक छोटा दिसतो, पण सामूचे मोजमाप दसपटीचे असते. त्यामुळे एवढ्याशा उतरणीतही आम्लता पाव पटीहून अधिक वाढते. कवच बांधायला लागणारा कार्बोनेट पाण्यात कमी होतो. मोठी तिसरी तग धरते, पण डोळ्याला न दिसणारे पिल्लू पहिले कवच बांधतानाच थकते आणि मरते.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात व्हिस्की क्रीक नावाचे कालवांचे बीज तयार करणारे केंद्र आहे. २००७ आणि २००८ साली तिथली कोट्यवधी पिल्ले मेली. आधी रोगाचा संशय आला. शेवटी पाणी तपासले, तेव्हा कळले की वाऱ्यामुळे समुद्राच्या तळाचे, कर्बवायूने भरलेले थंड पाणी वर येत होते आणि तेच टाक्यांत भरले जात होते. मग त्यांनी पाणी सतत मोजायला सुरुवात केली. दिवसा उन्हात पाण्यातले गवत कर्बवायू ओढून घेते, म्हणून पाणी दुपारनंतर भरू लागले. टाकीत सोडा मिसळून आम्लता मारली. केंद्र सावरले.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते. अशा पाण्याचा सामूही कमी असतो. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात याच्या अनेक वर्षे नोंदी ठेवल्या आहेत.

यात आपला हात कुठे? वाहून गेलेला युरिया आणि गावचे सांडपाणी खाडीत गेले की शेवाळ माजते. ते मेल्यावर कुजते, प्राणवायू खाते आणि कर्बवायू सोडते. म्हणजे वरून हवेचा मारा आणि बाजूने आपला. ओहोटीला टोपली घेऊन चिखलात उतरणाऱ्या आयाबहिणींचे चार पैसे आणि घरचे कालवण या तिसऱ्या-कालवांवर आहे. शिंपले कमी होण्याला बेसुमार काढणी आणि वाळू उपसा हीही कारणे असतात, पण म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

कोणी म्हणेल, शेतासारखा खाडीतही चुना टाकू या. नको. टाकीतले पाणी बांधलेले असते; खाडीचे पाणी रोज भरती-ओहोटीला बदलते. आपले काम काठावरच आहे.

शेतकऱ्यांनी युरिया एकदम फेकू नये, हप्त्याने द्यावा. भातात युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध चिखलात खोचावी. जोराच्या पावसात खत टाकू नये. खत दिल्यावर दोन-तीन दिवस खाचराचे पाणी बाहेर सोडू नये. यात पैसाही वाचतो.

ग्रामपंचायतीने गटाराचे तोंड थेट खाडीत सोडू नये, शोषखड्डे घ्यावेत. कांदळवन तोडू देऊ नये. सामूचे मीटर घेऊन महिन्यातून दोनदा, एकाच जागी, एकाच वेळी आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर पाणी मोजावे. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा एकमेकांशी ताडू नये. कागदी पट्टीने एवढा बारीक फरक कळत नाही. गावात शाळा असेल तर विज्ञानाच्या शिक्षकांची मदत घ्या. मोजलेले आकडे आणि त्या दिवशी मिळालेल्या तिसऱ्यांची नोंद जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ठेवा.

पावसापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि शिंपले काढणाऱ्या बायांना आवर्जून बोलवा. खाडीत कुठे काय कमी झाले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.