घरासाठी गिटारचा ॲम्प्लिफायर

विद्युत गिटार हे एकटे घेतले तर अर्धेच वाद्य होय. तारांखालचे चुंबक व त्यांभोवतीची तारेची गुंडाळी कंपनांचे रूपांतर क्षीण विद्युत्प्रवाहात करतात, आणि तेथे गिटारचे काम संपते. वाद्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे ॲम्प्लिफायर. सभेतील ध्वनिवर्धकाने आवाज जसाच्या तसा मोठा करावा अशी अपेक्षा असते. गिटारचा ॲम्प्लिफायर मात्र तो जाणूनबुजून बदलतो. सेकंदाला सुमारे पाच हजारांहून अधिक आंदोलने असणारे ध्वनी त्याचा स्पीकर बव्हंशी गाळून टाकतो. गाणी ऐकण्याच्या घरगुती स्पीकरला गिटार जोडली, तर ती करकरीत व रुक्ष का वाजते, याचे उत्तर येथेच आहे.

ॲम्प्लिफायर खरेदी करणाऱ्याची नजर प्रथम जाते ती वॉटच्या आकड्याकडे, आणि पुष्कळदा पैसे वाया जातात ते त्यामुळेच. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती दसपट लागते. म्हणजेच ५० वॉटच्या यंत्राच्या तुलनेत ५ वॉटच्या यंत्राचा आवाज साधारण निम्मा भासतो, फार कमी नव्हे. गिटारचे कित्येक स्पीकर तर एका वॉटवरच, एक मीटर अंतरावर, ९५ डेसिबलहून मोठा आवाज देतात. दहा बाय बाराच्या खोलीत आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारात तेवढ्याने भांडण जुंपते.

मग एवढी प्रचंड यंत्रे निर्माण झाली कशासाठी? ती झाली सभागृहांसाठी. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे १९६२ साली पहिला ॲम्प्लिफायर तयार झाला. पुढे ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंड यांना अधिक मोठा आवाज हवा होता, म्हणून १०० वॉटचे यंत्र निघाले. ही व्हॉल्व्हची यंत्रे होती. व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेपर्यंत ताणले की आवाज किंचित फाटतो व त्याला एक भरदार, चढता रंग येतो. रॉक संगीताचा सारा थाट त्या फाटण्यावर उभा आहे. पण १०० वॉटचे यंत्र ताणायचे तर घर सोडून मैदानात जावे लागेल! घरात त्याची घुंडी एकाच्या पुढे सरकत नाही, आणि ज्या रंगासाठी पैसे मोजले तो रंग कधी ऐकूच येत नाही.

त्यात भर म्हणजे मानवी कानाचा एक स्वभाव. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान झाला म्हणजे कानाला खर्जाचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फारच क्षीण वाटू लागतात. दुकानात गडगडाट करणारे यंत्र घरी आणून हळू वाजविले की पोकळ वाटते, ते यामुळेच. दोष यंत्राचा नसतो. म्हणून दुकानात परीक्षा करावी ती स्वतःच्या गिटारवर, आणि बोलण्याच्या पट्टीइतक्या आवाजात. विक्रेता घुंडी वाढवू लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. प्रथम निर्मळ, न फाटलेला आवाज ऐकावा. तो चांगला असेल, तर बाकीचे रंग पायाने दाबायच्या पेडलनेही आणता येतात. तो वाईट असेल, तर कशानेही सुधारत नाही.

लहान आवाजात मोठ्या यंत्राचा रंग, ही अडचण पुढे अंकीय यंत्रांनी बरीचशी दूर केली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील लाइन सिक्स या संस्थेने जुन्या नामांकित ॲम्प्लिफायरांच्या आवाजाची गणिताने नक्कल करणारे यंत्र बाजारात आणले. २०११ मध्ये यामाहाने टेबलावर ठेवण्याजोगी टीएचआर मालिका काढली, आणि २०१६ मध्ये बॉसचा कटाना आला. त्याच्या ५० वॉटच्या यंत्रावर शक्ती अर्ध्या वॉटपर्यंत उतरविण्याचा खटका आहे. अशा यंत्रांत नकला पुष्कळ असतात. प्रत्यक्षात तीन-चारच वापरात राहतात. तेव्हा संख्येला भुलू नये. खर्ज, मध्य व तार यांच्या वेगळ्या घुंड्या, आवाज फाटू देण्याची व एकूण आवाजाची घुंडी निरनिराळी, हेडफोनची सोय, आणि निदान आठ इंची स्पीकर, एवढे असले की घरी जाझपासून रॉकपर्यंत सारे वाजविता येते.

लाकडी पेटीच्या गिटारची गोष्ट निराळी. गोव्यात मांडोच्या साथीला व्हायोलिन व घुमटाबरोबर जी वाजते, तिला पिकअप बसविला असला तरी तिचे तारस्वर गाळून चालत नाहीत. तिच्यासाठी स्वतंत्र जातीचा ॲम्प्लिफायर मिळतो.

हेडफोनने शेजारी वाचतात, कान मात्र वाचतीलच असे नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली, तर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो तासाभरावर येतो.

विजेबाबत तर जराही हयगय नको. १९७२ मध्ये स्वानसी येथे लेस हार्वी हा तरुण गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच, रंगमंचावरच मरण पावला. घरातील तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन खरोखर जमिनीशी जोडलेली आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. अमेरिकेतून कोणी आणलेले यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळते. व्हॉल्व्हच्या यंत्राचे झाकण तर घरी उघडूच नये: आत तीनचारशे व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.

यंत्र घरी आले की ते कोपऱ्यात जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कानाच्या जवळपास उंचीला ठेवावे. कोपऱ्यात खर्ज घुमतो, आणि जमिनीवरच्या स्पीकरचे तारस्वर वाजविणाऱ्याच्या कानाऐवजी पायांकडे जातात.