स्वतःची मोटार शर्यतीच्या मार्गावर

आमच्या हायस्कुलाचा एक माजी विद्यार्थी सांप्रत जर्मनींत नोकरीस आहे. त्यानें तेथें कर्ज काढून एक जुनी मोटार घेतली असून, ती नुर्बुर्गरिंगच्या मार्गावर एकदां वेगानें हांकावी असा त्याचा मानस आहे. “सर, शर्यत लावावयाची नाहीं, नुसती फेरी मारावयाची, मग गाडीस काय होणार?” असें त्यानें पत्रांत विचारिलें आहे. प्रश्न तुम्हां सर्वांच्या उपयोगाचा असल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

नुर्बुर्गरिंग हा आयफेल डोंगरांतील शर्यतीचा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. त्याच्या उत्तर भागाची फेरी सुमारें २०.८ किलोमीटरांची आहे. ठराविक वेळीं पैसे भरून कोणासही आपली मोटार तेथें नेतां येते. त्या वेळीं शर्यत लावण्यास मनाई असते व सामान्य रहदारीचे कायदे लागू असतात. म्हणून कित्येकांस तो निव्वळ विहार वाटतो. १९७६ सालीं निकी लाउडा याच फेरींत भाजून जबर जखमी झाला व तेव्हांपासून फॉर्म्युला वनची शर्यत तीवर झालेली नाहीं, हें ते विसरतात.

आतां मोटारीचें पाहूं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें तुम्हीं वर्गांत शिकलांच आहांत. १,५०० किलोग्रॅमची मोटार ताशीं १८० किलोमीटर वेगानें येत आहे व वळणापूर्वीं तो वेग ६० वर आणावयाचा आहे, असें समजा. गणित करा, सुमारें १६ लक्ष ६७ हजार ज्यूल येतील. हवेचा विरोध वगैरेंचा अल्प वांटा सोडल्यास ही सारी ऊर्जा चार-पांच सेकंदांत ब्रेकांत उष्णतारूपानें उतरते. तेवढ्या उष्णतेनें २० अंशांचें पांच लिटर पाणी उकळीस येईल! आणि डिस्क निवते न निवते तोंच पुढचें वळण येतें. बाजारांत जाण्यायेण्याच्या गाडीचे पॅड अशा कामासाठीं केलेले नसतात. ते झपाट्यानें झिजतात, आणि फार तापले कीं त्यांची पकडही कमी होते.

खरा धोका मात्र ब्रेक ऑइलमध्यें आहे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, त्यांत ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलें कीं वाफेचे बुडबुडे होतात. द्रव पदार्थ दाबानें जवळजवळ आकसत नाहीं, वाफ आकसते. म्हणून पेडल एकाएकी तळाशीं जाऊन टेकतें व मोटार थांबत नाहीं. गांवांत महिनोन्महिने निर्धास्त चाललेल्या गाडीचाही हा दोष तेथेंच प्रथम उघड होतो.

टायरांच्या कडा खातात, हें तर दिसतेंच. लांब वळणावर इंजिन ऑइल एका बाजूस सरतें. ऑइल कमी असल्यास पंप हवा ओढतो आणि बेअरिंगें कोरडीं पडतात. तें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं.

विम्याचे कागद आधीं वाचावे. शर्यतीच्या मार्गावरील हानि पुष्कळ विमापत्रांतून वगळलेली असते. आपल्याकडील मोटारविम्यांतूनही संघटित शर्यत व वेगचांचणी वगळतात. नुर्बुर्गरिंगला लोखंडी कठडा मोडल्यास त्याचा खर्च चालकाकडून वसूल होतो. कर्जाचे हप्ते तर चालूच राहणार.

तरीही त्यास जावयाचेंच असेल, तर त्यानें आधीं ब्रेक ऑइल नवें भरावें, पॅडांची जाडी पाहावी, चाकांचे नट तपासावे. फेरीचा शेवटचा भाग सावकाश काढावा, म्हणजे वाऱ्यानें ब्रेक निवतील. गाडी उभी केल्यावर तापलेल्या चाकांवर हातब्रेक ओढूं नये; ती सपाट जागीं, गिअरमध्यें टाकून ठेवावी.