पत्र तेच, क्रमांक परका

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन आला.

"सर, पुण्याच्या पार्टीचं कोटेशन उघडलं. वर नाव त्यांचं, विषय त्यांचा. आत मात्र रेट भलत्याच पार्टीचे आहेत. याच्यावर पीओ काढू का?"

"काढू नका. कोणत्याच मेलला हात लावू नका. मी निघालोच," मी म्हणालो.

छत्रपती संभाजीनगरहून वाळूज एमआयडीसीकडे जाताना डोक्यात एकच विचार होता. मेल हरवला तर कळतं, उशिरा आला तरी कळतं. पण एकाच्या पाकिटातून दुसऱ्याचं पत्र निघायला लागलं, तर कारखान्याने विश्वास कशावर ठेवायचा? आणि आदल्या रात्री त्या सर्व्हरला हात लावणारा मीच होतो.

आदली रात्र

त्या कारखान्याचा मेल सर्व्हर खूप जुना होता. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली आयमॅप प्रणाली त्यावर चालायची. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून आपापल्या यंत्रावरून वाचण्याची पद्धत. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये सुरू केली, आणि वॉशिंग्टन विद्यापीठातली प्रणालीही पुढे त्यांनीच लिहिली. तिची मेल साठवण्याची रीत 'एमबॉक्स' नावाची. एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक, बांधीव खतावणीसारखे. मधलं एक पान काढायचं तर त्यापुढचं सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं. खरेदी विभागाची फाइल काही जीबींवर गेली होती. एक मेल डिलीट केला की यंत्र मिनिटभर घुटमळायचं. रात्रीचा बॅकअप उजाडेपर्यंत संपत नसे, कारण एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल बदललेली ठरते.

यावरचा उपाय जगाला तीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात आपल्या क्यूमेल सर्व्हरसाठी 'मेलडिर' ही रचना काढली. तिच्यात प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते. फोल्डरमध्ये तीन कप्पे असतात. येणारा मेल पहिल्यात पूर्ण लिहून होतो, मगच दुसऱ्यात सरकतो, आणि वाचणाऱ्याच्या बाजूने त्याची दखल घेतली गेली की तिसऱ्यात जातो. कुणी कुणासाठी थांबायची गरज उरत नाही. नवा सर्व्हर म्हणून मी डव्हकॉट निवडला. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांची ही प्रणाली २००२पासून उपलब्ध आहे आणि आज जगभर वापरली जाते.

एमबॉक्सची पानं सुटी करून मेलडिरमध्ये ठेवणारी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली. मेलची संख्या जुळली, एकूण आकार जुळला. पहाटे तीनला घरी येऊन समाधानाने झोपलो.

पाच तक्रारी

कारखान्यात पोहोचलो तेव्हा एकीच्या पाच तक्रारी झाल्या होत्या. मॅडमचे मेल अदलाबदल झालेले होतेच, शिवाय त्यांच्या यादीतून गेल्या काही महिन्यांचे मेल दिसेनासे झाले होते. विक्रीवाल्यांचे सगळे फोल्डर नाहीसे होऊन फक्त इनबॉक्स उरला होता. डिस्पॅचच्या यंत्रावर वर्षानुवर्षांचे मेल पुन्हा नव्याने उतरत होते. 'निविदा' नावाच्या फोल्डरच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसत होता. आणि वेबमेलवर यादीच्या तळाशी एक अनोळखी मेल उगवला होता. पाठवणारा कुणी माणूस नव्हता. विषयाचा अर्थ एवढाच, की हा संदेश डिलीट करू नका, ही फोल्डरची अंतर्गत माहिती आहे.

"सर, हा व्हायरस आहे का?" दोघा-तिघांनी विचारलं.

"तो राहू द्या बाजूला, आधी मोठं काम बघू," मी म्हणालो. त्या दिवसातली माझी ही सर्वात मोठी चूक होती.

मॅडमच्या तक्रारीवर माझा पहिला विचार असा होता, की घाईत दुसराच मेल उघडला गेला असेल. तेवढ्यात ट्रे हॅरिस यांचा किस्सा आठवला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते मेल सांभाळत असताना संख्याशास्त्र विभागप्रमुखांनी त्यांना कळवलं, की आमचा मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. ऐकायला अशक्य वाटणारं हे गाऱ्हाणं शब्दशः खरं निघालं. सर्व्हरवर प्रणालीची जुनी आवृत्ती आली होती, तिला नव्या धर्तीच्या सेटिंगच्या ओळी वाचता येत नव्हत्या, त्यामुळे उत्तराची वाट पाहण्याची मुदत शून्यावर गेली होती. प्रत्यक्षात मिळत होते सुमारे तीन मिलिसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश साडेपाचशे मैलांच्या आसपासच पोहोचतो. विभागप्रमुखांनी मोजून सांगितलं होतं, म्हणून दोष सापडला. मीही मॅडमच्या शेजारी कागद-पेन घेऊन बसलो.

घरं मोजली

एका बाजूला मॅडमच्या यंत्रावरचं मेल वाचायचं सॉफ्टवेअर थंडरबर्ड, दुसऱ्या बाजूला वेबमेल. वेबमेल थेट सर्व्हरवरून वाचतं, आणि तिथे प्रत्येक पत्र आपल्या विषयाखाली बरोबर होतं. म्हणजे पत्रं शाबूत होती. बिघाड सर्व्हर आणि मॅडमचं यंत्र यांच्या बोलण्यात होता. कमी जागेच्या त्या यंत्रावर फक्त मेलची यादी साठवलेली असे. पत्राचा मजकूर क्लिक केल्यावर सर्व्हरवरून यायचा.

सर्वात जुन्या मेलपासून मी एकेक उघडत गेलो, आणि विषय कोणत्या मेलचा, मजकूर कोणत्या मेलचा हे लिहीत गेलो. पहिले काही मेल एक घर मागे. त्यानंतरचे अगदी बरोबर. मग एक घर पुढे. मग तीन. मग बारा. पुढे चाळीस. घसरण एकाच दिशेने वाढत होती, एकदाही उलटी फिरली नव्हती.

एवढ्यात हिशेब विभागातले काका डोकावले. "माझ्याकडेही गडबड आहे, पण साधी आहे. प्रत्येक मेलमध्ये त्याच्या आधीचा मेल निघतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकच घर."

"काका, तुम्ही मेल कधी डिलीट करता?"

"छे! हिशेबाचा कागद कोणी फाडतं का?"

मी पेन खाली ठेवलं. मॅडम रोज मेल डिलीट करत होत्या, काकांनी आयुष्यात एकही केला नव्हता. मॅडमची घसरण वाढत होती, काकांची जागेवर होती. जी संख्या फक्त वाढते आणि कधीच कमी होत नाही, ती डिलीट केलेल्या मेलची होती.

आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला एक क्रमांक मिळतो, त्याला यूआयडी म्हणतात. तो चढताच असतो. अठरा नंबरचा मेल डिलीट झाला तरी एकोणीसचा एकोणीसच राहतो, अठराची जागा कायम रिकामी. माझ्या स्क्रिप्टने मात्र उरलेल्या मेलना एकपासून सलग नवे क्रमांक दिले होते. सगळ्या रिकाम्या जागा बुजल्या आणि मागचे मेल पुढे सरकले. मॅडमचं यंत्र जुना क्रमांक मागत होतं, आणि त्या क्रमांकावर आता दुसराच मेल बसला होता. अलीकडच्या मेलचे क्रमांक तर एकूण मेलच्या संख्येपेक्षाही मोठे होते. सर्व्हरकडे ते क्रमांकच उरले नव्हते, म्हणून यंत्राने ते मेल डिलीट झाले असं समजून यादीतून काढले होते.

मग काकांचं एक घर कुठून आलं? तो बाजूला सारलेला अनोळखी मेल! जुनी प्रणाली फाइलच्या सुरुवातीला स्वतःच्या नोंदीसाठी एक खोटा मेल ठेवत असे आणि तो कुणाला दाखवत नसे. माझ्या स्क्रिप्टला हे ठाऊक नव्हतं. तिने त्याला खरा मेल समजून पहिला क्रमांक दिला, आणि सगळा कारखाना एक घर मागे ढकलला गेला.

जुन्या नावाचं पाकीट

तरी एक प्रश्न उरला होता. क्रमांक बदलले हे यंत्रांना कळलं कसं नाही? आयमॅप बनवणाऱ्यांनी एवढा साधा धोका ओळखला नसेल?

दुपारी शिपाईदादा टपाल घेऊन आले. वरच्याच पाकिटावर कारखान्याचं नाव, खाली 'औरंगाबाद' आणि पिन ४३११३६. शहराचं नाव २०२३ साली बदललं, तरी जुन्या नावाचं पाकीट बिनचूक दारात आलं होतं, कारण पिन तोच होता. ही पिनची व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिपी, चुकीचे पत्ते, या सगळ्यांतून पत्राला वाट दाखवणारे ते सहा आकडे.

पाकीट हातात धरून मी आमच्या सर्व्हरचा विचार केला. इथे उलटं घडलं होतं. फोल्डरची नावं तीच ठेवली होती आणि आतले घरक्रमांक बदलून टाकले होते. अशा वेळी यंत्राला सावध करणारी सूचना आयमॅपमध्ये असायलाच हवी होती, आणि ती आहे. प्रत्येक फोल्डरला आणखी एक संख्या असते, यूआयडी-व्हॅलिडिटी. ती जुनीच दिसली तर यंत्र समजतं, की आपल्याकडचे क्रमांक अजून खरे आहेत. ती बदलली तर साठवलेलं सगळं टाकून यादी नव्याने आणायची. क्रिस्पिन यांनी २००३ साली लिहिलेल्या आयमॅपच्या नियमावलीत हे स्पष्ट आहे: फोल्डरचं नाव, ही संख्या आणि मेलचा क्रमांक यांच्या जोडणीतून कायम तोच एक मेल निघाला पाहिजे.

मी माझी स्क्रिप्ट उघडली. ही संख्या जुन्या सर्व्हरवरून जशीच्या तशी उचलणारी ओळ तिच्यात होती. कारखान्याची इंटरनेट लाइन हळू, सगळ्यांचे मेल पुन्हा उतरायला नकोत, म्हणून मीच ती घातली होती. क्रमांक बदलून, वर 'क्रमांक जुनेच आहेत' अशी हमी मी दिली होती. यंत्रांनी त्या हमीवर विश्वास ठेवला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

दुरुस्ती

आता वाटा दोन होत्या. संख्या बदलावी आणि प्रत्येक यंत्राला सगळं नव्याने आणू द्यावं. हे सोपं होतं, पण त्या लाइनवर दोन दिवस खाणारं. किंवा जुने क्रमांक शोधून परत लावावेत. पण ते मिळणार कुठे?

एमबॉक्सचा बॅकअप जपून ठेवला होता. तो साध्या एडिटरमध्ये उघडला. पहिलाच तो खोटा मेल, आणि त्याच्या माथ्यावर दोन आकडे: फोल्डरची संख्या आणि आजवर दिलेला शेवटचा क्रमांक. खाली प्रत्येक मेलच्या माथ्यावर एक ओळ, आणि तिच्यात त्याचा यूआयडी. जुन्या सर्व्हरने प्रत्येक पत्राचा क्रमांक पत्रावरच लिहून ठेवला होता. 'डिलीट करू नका' असं तो मेल सकाळपासून ज्या माहितीबद्दल सांगत होता, ती हीच होती.

डव्हकॉट आपली क्रमांकांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. सर्व्हर थांबवला, बॅकअपमधले क्रमांक वाचून प्रत्येक फोल्डरची यादी पुन्हा लिहिली, खोटा मेल काढला, आणि सकाळपासून आलेल्या मेलना शेवटच्या क्रमांकापुढचे क्रमांक दिले. आधी काकांचं खातं तपासलं, मग मॅडमचं. नाहीसे झालेले महिने यादीत परत आले. ज्या यंत्रांवर सकाळी चुकीचे मेल उघडले होते, तिथे थंडरबर्डमधून फोल्डर दुरुस्त करून घेतला.

बाकीच्या गाठी भराभर सुटल्या. डिस्पॅचचं यंत्र पॉप पद्धतीने मेल घेत होतं. पॉपमध्येही प्रत्येक मेलला ओळखखूण असते, आणि ती बनते याच दोन संख्यांपासून. जुना सर्व्हर आधी फोल्डरची संख्या आणि मग मेलचा क्रमांक लिहायचा, नव्याची मांडणी उलटी होती. सेटिंगच्या एका ओळीत क्रम फिरवला आणि जुन्या मेलचा ओघ थांबला. विक्रीवाल्यांच्या यंत्रांत फोल्डरच्या नावाआधी 'मेल' हा जुना मार्ग नोंदलेला होता. डव्हकॉटमध्ये त्याच नावाची एक छुपी वाट उघडली आणि कुणाच्याही यंत्राला हात न लावता फोल्डर दिसू लागले.

'निविदा'ने मात्र थोडा वेळ घेतला. आयमॅपमध्ये देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका संकेतात जातं. त्याची सुरुवात अँपरसँडने होते, आणि देवनागरी असेल तर पुढचं अक्षर नेहमी 'सी' असतं. माझ्या स्क्रिप्टने धोक्याचं चिन्ह समजून तो अँपरसँड गाळला होता. तो परत लावताच 'निविदा' पडद्यावर नीट उमटली.

संध्याकाळी सात वाजता मॅडमनी पुण्याच्या पार्टीचं कोटेशन पुन्हा उघडलं. वेबमेलवरच्या प्रतीशी एकेक रेट ताडून पाहिला.

"आता बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या, आणि मगच पीओ काढला.

त्या दिवसानंतर मी स्वतःची स्क्रिप्ट वापरणं सोडलं. डव्हकॉटसोबतच मिळणारं डीसिंक हे साधन क्रमांकांसह मेल हलवतं. ते आधी वाचलं असतं तर ही सकाळ उगवलीच नसती. ज्यांना पुढे मेल सर्व्हर बदलायचा आहे, त्यांना कळकळीने सांगतो: मेलची संख्या आणि आकार जुळले म्हणजे काम झालं असं मानू नका. जुना बॅकअप महिनाभर तरी पुसू नका. भरपूर मेल डिलीट करणारा एक माणूस आणि एकही न करणारा एक माणूस निवडा, आणि आधी त्या दोघांचीच खाती हलवून त्यांच्याच यंत्रावर पत्रं उघडून बघा. त्या दोघांचं जुळलं, तरच बाकीच्यांच्या पत्रांना हात लावा.