नॉरफोक, सिरॅक्यूस आणि स्टॅनले कप

15 एप्रिल 2012 रोजी नॉरफोक ॲडमिरल्स या संघाने सलग 28वा सामना जिंकला आणि साखळी फेरी संपली. 10 फेब्रुवारीपासून हा संघ हरलेलाच नव्हता. त्याआधी अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, सलग विजयांचा विक्रम 17 सामन्यांचा होता. वरच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, विक्रमही तेवढाच, पिट्सबर्गने 1993मध्ये केलेला. बर्फावरच्या हॉकीत, तेही पगारी खेळाडूंच्या खेळात, असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. पण नॉरफोक पडलं व्हर्जिनियातलं नौदलाचं शहर, आणि लीग दुय्यम. त्यामुळे मोठ्या वर्तमानपत्रांनी या पराक्रमाची नोंद घेतली ती कोपऱ्यात.

एएचएल 1936पासून चालू आहे. एनएचएलशी तिचं नातं साधारण आपल्या भारतीय संघाचं रणजीशी आहे तसं. मात्र इथे प्रत्येक बड्या संघाशी जोडलेला एकेक खालचा संघ असतो. नॉरफोक तेव्हा टॅम्पा बे लाइटनिंगशी जोडलेलं होतं. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे बडे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, निवडलेल्या पोराचं अंग अजून भरायचं असतं. त्याला वर घेतलं तर चौथ्या फळीत सात-आठ मिनिटं खेळायला मिळतात आणि उरलेला वेळ बाकावर जातो. खाली तोच मुलगा वीस मिनिटं खेळतो, पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, उतरतो, चुकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतो. गोलरक्षक सोडून उतरणाऱ्या 18 जणांपैकी 13 जण कमी अनुभवाचे असलेच पाहिजेत, असा या लीगचा नियमच आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामने आणि मधला प्रवास रात्रीच्या बसने, हे तिथलं नेहमीचं वेळापत्रक. करारात बहुतेकांचे दोन पगार लिहिलेले असतात, वरचा आणि खालचा, आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

2010मध्ये स्टीव्ह आयझरमन टॅम्पाचा जनरल मॅनेजर झाला. तो डेट्रॉइटच्या तालमीत वाढलेला, आणि खेळाडूला खाली नीट मुरू द्यायचं, घाईने वर ओढायचं नाही, ही डेट्रॉइटची जुनी रीत. जूलियन ब्रिझब्वा त्याचा साहाय्यक झाला आणि नॉरफोकची जबाबदारी त्याच्याकडे आली. प्रशिक्षक म्हणून त्यांनी जॉन कूपरला नेमलं. कूपर मुळात वकील. मिशिगनमधल्या लान्सिंगला वकिली करत असताना एका न्यायाधीशांच्या सांगण्यावरून त्याने शाळेच्या संघाला शिकवायला सुरुवात केली. तिथून कुमारांच्या लीगमध्ये एकेक पायरी चढत तो इथवर आला होता. एनएचएलमध्ये एक सामनाही न खेळलेल्या माणसाच्या हाती संघाची पुढची पिढी सोपवणं, हा मला आयझरमनचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

त्याच्या हाती आलेले खेळाडू तरी कोण? टायलर जॉन्सन, उंची पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच उचललं नव्हतं. चेक प्रजासत्ताकातला ओंद्रेय पलात. 2011च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या फेरीत, 208व्या क्रमांकावर घेतलेला. ॲलेक्स किलॉर्न हार्वर्डचं शिक्षण संपवून हंगामाच्या शेवटी येऊन मिळाला. आणि कोरी कोनाकर. तोही बुटका, त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नव्हतं, शिवाय टाइप 1 मधुमेह. पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने 39 गोल केले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू व सर्वोत्तम नवोदित हे दोन्ही मान पटकावले.

त्या जूनमध्ये एएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे कॅल्डर कपच्या, अंतिम फेरीत नॉरफोकने टोरांटो मार्लीजला 4-0 असं हरवलं. तिसऱ्या सामन्यात निर्धारित वेळेत गोलच झाला नाही. जादा वेळेत माइक कॉस्टकाने पक कडेने आत लोटला. तो काठाने मागे येणार असं धरून गोलरक्षक बेन स्क्रिव्हेन्स जाळ्यामागे गेला. पण पक काचेच्या जोडावर आपटला, भलत्याच दिशेला वळला आणि रिकाम्या जाळ्यात गेला. तो गोल ऑफसाइड असल्याचं लीगने नंतर कबूल केलं, निकाल मात्र कायम राहिला. टोरांटोच्या मुलांसाठी आजही वाईट वाटतं.

त्याच उन्हाळ्यात टॅम्पाने नॉरफोकशी नातं तोडलं आणि सगळी फौज न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला हलवली. ज्यांनी ही पोरं मोठी होताना पाहिली, त्यांच्या हातात कप उरला आणि पोरं गेली. 2015मध्ये नॉरफोकचा एएचएल संघच सॅन डिएगोला गेला. शहराला त्याच नावाचा, पण आणखी एक पायरी खालच्या लीगचा संघ मिळाला.

सिरॅक्यूसमध्ये जॉन्सन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्च 2013मध्ये कूपरला वर बोलावलं गेलं. पाठोपाठ एप्रिलमध्ये कोनाकरला ओटावाला देऊन टॅम्पाने बेन बिशप हा गोलरक्षक घेतला. सौदा टॅम्पाच्या फायद्याचा ठरला, पण नॉरफोकचा नायक वरच्या लीगमध्ये कुठे स्थिरावलाच नाही. पुढच्या हंगामात पलात आणि जॉन्सन दोघेही एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदिताच्या अंतिम तिघांत होते. 2015मध्ये टॅम्पाने एनएचएलच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅनले कपची, अंतिम फेरी गाठली, तेव्हा जॉन्सनने प्ले-ऑफमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे 13 गोल केले. पलात, जॉन्सन आणि मोजकेच सामने सिरॅक्यूसला खेळून वर आलेला निकिता कुचेरोव्ह, या फळीला तेव्हा 'ट्रिपलेट्स' म्हणत.

यानी गुर्दचा रस्ता त्याहून लांबचा. तोही ड्राफ्टबाहेरचा. एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि कॅलमॅझूसाठी खेळून तो सिरॅक्यूसला आला. टॅम्पात जागा पक्की झाली ती पंचविशी उलटल्यावर, आणि त्या 2017-18च्या हंगामात त्याने 25 गोल केले. 25 जून 2021 रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध उपांत्य फेरीचा सातवा सामना होता. टॅम्पाचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर. अशा वेळी गुर्दने बाकावरून बर्फावर उडी घेतली, अँथनी सिरेलीचा पास घेतला आणि सामन्यातला एकमेव गोल केला. सिरेलीही सिरॅक्यूसचाच. पुढे माँट्रियलविरुद्धच्या अंतिम फेरीत, कप निश्चित करणाऱ्या सामन्यातला एकमेव गोल रॉस कोल्टनचा होता. तोही सिरॅक्यूसमधूनच वर आलेला. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन स्टॅनले कप टॅम्पाने जिंकले, कूपरच्याच हाताखाली. तोवर आयझरमनची खुर्ची ब्रिझब्वाकडे आली होती.

पलात, जॉन्सन आणि किलॉर्न हे तिघे नॉरफोकचा कॅल्डर कप आणि टॅम्पाचे दोन्ही स्टॅनले कप एकत्र जिंकले. पुढे संघाच्या एकूण पगारावरच्या एनएचएलच्या मर्यादेने त्यांना पांगवलं. जॉन्सन शिकागोला, पलात न्यू जर्सीला, किलॉर्न ॲनाहाइमला गेला. कोनाकर दरम्यान युरोपात खेळून सिरॅक्यूसला परतला होता. 2017च्या कॅल्डर कपमध्ये त्याच्याइतके गुण कुणीच मिळवले नाहीत, तरी अंतिम फेरीत सिरॅक्यूस ग्रँड रॅपिड्सकडून हरलं. 2013मध्येही ते त्यांच्याकडूनच हरलं होतं. ग्रँड रॅपिड्स म्हणजे डेट्रॉइटचा खालचा संघ, जिथून आयझरमनने ही रीत आणली तोच. टॅम्पाला इतके खेळाडू घडवून देणाऱ्या सिरॅक्यूसच्या वाट्याला कॅल्डर कप अजून आलेला नाही.