वॉल्टर कौफमन : एका वृंदसंचालकाचें जीवितकार्य

सोनपेठसारख्या गांवींही सकाळीं रेडिओ लावला म्हणजे कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वीं तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची एक छोटी धून ऐकूं येते. तींत शिवरंजनी रागाची छाया अनेकांस जाणवते. आकाशवाणीच्या या धुनेचें श्रेय सामान्यतः ज्यांस दिलें जातें, ते वॉल्टर कौफमन परदेशीय होते, आणि त्यांचा मूळ व्यवसाय वाद्यवृंदाच्या संचालनाचा होता.

वृंदसंचालक म्हणजे कोण, हें प्रथम पाहूं. आपल्या मैफलींत गवई स्वतःच्या प्रतिभेनें राग वाढवितो व तबलजी त्यास लयीची साथ देतो. पाश्चात्य वाद्यवृंदांत अनेक वादक असून प्रत्येकापुढें स्वरलिपीचा कागद असतो. कोणीं केव्हां वाजवावयाचें, कोणता स्वर उंचवावयाचा, कोणता दबवावयाचा, हें हातांतील छडीनें दाखवितो तो संचालक. समूहगायनांत गायकांचे गट एकाच वेळीं निरनिराळ्या स्वरपंक्ती गातात. त्यांचाही मेळ तोच घालतो. तो स्वतः एकही स्वर काढीत नाहीं. त्याची सारी भिस्त कानावर असते.

कौफमन यांचा जन्म १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें ज्यू कुटुंबांत झाला. बर्लिन व प्राग येथें त्यांचें शिक्षण झालें. १९३३ सालीं जर्मनींत नाझींची सत्ता आली आणि ज्यू कलावंतांस तेथें स्थान उरलें नाहीं. पुढच्याच वर्षीं कौफमन मुंबईस आले.

येथील संगीत प्रथम ऐकतां त्यांस त्याचा कांहींच अर्थबोध होईना. परंतु ज्या संगीतावर लक्षावधि लोक प्रेम करितात, तें आपणांस कळत नसेल तर दोष आपल्या कानाचा असला पाहिजे, असा विचार करून त्यांनीं अभ्यास आरंभिला. इकडे १९३४ सालींच त्यांनीं मुंबईंत पाश्चात्य संगीताची एक मंडळी स्थापिली; तींत व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांचे सहकारी होते. १९३७ ते १९४६ पर्यंत ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचें काम पाहत होते. त्याच काळांत, १९४१ सालीं, गोंड व बैगा लोकांच्या गीतांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

१९४६ सालीं त्यांनीं हिंदुस्थान सोडला. १९४८ पासून १९५७ पर्यंत ते कॅनडांतील विनिपेग शहराच्या वाद्यवृंदाचे संचालक होते; तदनंतर अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें. मुंबईंत जडलेला व्यासंग मात्र तेथेंही सुटला नाहीं. उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ सालीं व दक्षिणेच्या रागांवरील १९७६ सालीं निघाला. १९८४ सालीं त्यांचें निधन झालें.

ज्यांस स्वतःची भूमि परकी झाली, त्यांनीं आश्रय देणाऱ्या भूमीचें संगीत परकें म्हणून दूर लोटलें नाहीं. इतरांचे स्वर जुळविण्यापूर्वीं स्वतःचा कान घडवावा लागतो, हा संचालकाच्या विद्येंतील पहिला पाठ त्यांनीं मुंबईंत पुनश्च गिरविला.